शिट्टीचा सूर

माइकच्या धंद्यात शिट्टीइतकी वैरीण दुसरी नाही. भाषण रंगात आलेलं असतं, पाहुणे माइक हातात घेऊन दोन पावलं पुढे सरकतात, नेमके स्पीकरच्या तोंडासमोर येतात आणि शिट्टी निघते. अख्खा मांडव स्टेजकडे बघायचं सोडून मान वळवून आमच्याकडे बघतो. कारण साधं आहे. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज माइक पुन्हा उचलतो, मशीन तो वाढवून परत स्पीकरला देतं, तो परत माइकमध्ये शिरतो. या फेऱ्यात जो सूर इतरांच्या आधी वर चढेल, त्याची शिट्टी होते. कोणता सूर चढेल ते माइक आणि स्पीकर यांतल्या अंतरावर, माइकच्या जातीवर आणि खोलीच्या भिंतींवर ठरतं. तो सूर कानाने ओळखायचा, इक्वलायझरवर त्याची पट्टी शोधायची आणि खाली ओढायची, ही या धंद्यातली पहिली विद्या. माझे वडील चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात कर्णे भाड्याने द्यायचे. त्यांच्याकडे अहुजाचं एक मशीन, दोन कर्णे आणि बॅटरी एवढंच होतं, इक्वलायझर नव्हता. कर्ण्याचं तोंड बोटभर इकडेतिकडे फिरवून ते शिट्टी जिरवायचे.

अशा घरात वाढलेल्या माणसाला एका उन्हाळ्यातल्या दुपारी नागपूरचा एक मुलगा म्हणाला, "दादा, शिट्टी येऊ द्या. फक्त फुटू देऊ नका. काठावर धरून ठेवा."

आमच्या कामाचं वर्ष ठरलेलं असतं. लग्नसराई, मग गणपती, मग दुर्गा आणि शारदा, आणि भाऊबीज झाली की झाडीपट्टीची नाटकं. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, पुढे वैनगंगा ओलांडली की वडसा, आरमोरी, कुरखेडा. धान कापून झालेलं असतं, गावोगावी मंडई भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमाराला तिसरी घंटा आणि पहाटेपर्यंत तीन अंक. होळी आली की पडदे गुंडाळले जातात. त्यानंतर मे अखेरीपासून आम्ही जवळपास रिकामे. वायरी सोलायच्या, कनेक्टरना पुन्हा डाग द्यायचे, स्पीकरचे फाटलेले कोन बदलून घ्यायचे.

याच रिकाम्या दिवसांत आमच्या शाळेचे निवृत्त चित्रकलेचे सर दुकानात आले. आपल्या जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून त्यांनी तिथे चित्रांचं लहानसं दालन केलं आहे. वर कवेलूचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, भिंतींवर त्यांची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची चित्रं. त्यात कोळशाच्या खाणीची बरीच. वरोऱ्यात ते नवल नाही. या भागातली पहिली कोळशाची खाण गेल्या शतकाच्याही आधी इथेच निघाली आणि तिच्या कोळशासाठीच वर्ध्याहून रेल्वेचा फाटा इथवर आला. ती खाण कधीच बंद झाली. पण माजरी आणि एकोन्याच्या उघड्या खाणी चालू आहेत, आणि कोळशाच्या मालगाड्या गावाच्या अंगावरून रात्रंदिवस जातात.

सर म्हणाले, "पुण्याची एक व्हायोलिन वाजवणारी आणि नागपूरचा एक मुलगा येत आहेत. आपल्याकडचे दोघं त्यांच्यासोबत बसतील. काहीच ठरवलेलं नाही, जे सुचेल ते वाजवतील. आवाज मोठा नको, पण तू स्वतः ये. पोराला पाठवू नको."

मी विचारलं, गाण्यांची यादी? सर म्हणाले, नाही. राग कोणता? ठरलेला नाही. किती वेळ? दहाच्या आत संपवू. तो नियम मला पाठच आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद आहेत आणि सरकारने सूट दिलेल्या मोजक्या दिवसांतच बारापर्यंत वाजवता येतं. झाडीपट्टीवाल्यांच्या दरवर्षीच्या परवानगीच्या खटपटी मी जवळून बघतो. बंद खोलीला तो नियम लागू नसला तरी शेजार असतोच.

आपल्याकडचे जे दोघं, ते मला माहीत होते. एक चिमूरकडच्या खेड्यातले काका. तुकडोजी महाराजांच्या भजनात खंजिरी वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. चिमूर वरोऱ्याला लागूनच. 1942 च्या ऑगस्टात इंग्रजांविरुद्ध पेटलेलं गाव म्हणून सगळ्या देशाला ते माहीत आहे. त्या पेटण्यामागे महाराजांची खंजिरी आणि त्यांची भजनं होती, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. दुसरे एक अंध मास्तर. झाडीपट्टीत ऑर्गन वाजवण्यात त्यांची हयात गेली. शिक्षण अंध शाळेत झालेलं आणि कान असा की टेंपोच्या आवाजावरून गिअर सांगतात. वरोऱ्यात न बघणारा माणूस वाद्यावर बसलेला दिसणं नेहमीचंच आहे. इथल्याच आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी उभं केलेलं ‘स्वरानंदवन’ महाराष्ट्रभर फिरलेलं आहे. त्यात अंध, अपंग, कर्णबधिर आणि कुष्ठरोगातून बरे झालेले कलावंत एका रंगमंचावर गातात, वाजवतात, नाचतात. त्यांच्यामुळे आमच्या गावाला एक सवय लागली. कलावंत काय करू शकत नाही याची चौकशी इथे कोणी करत नाही.

दुपारी मांडामांड सुरू झाली. नागपूरच्या मुलाने पिशवीतून पितळेच्या लहान चकत्या काढल्या. त्या मी लगेच ओळखल्या. बझर उघडला की आत हीच चकती निघते. तिला वीज दिली की ती थरथरून आवाज करते. उलट, तिलाच थरथर दिली की ती वीज देते, म्हणजे तिचा माइक होतो. हवेतला आवाज ती जवळपास घेतच नाही. ज्या वस्तूला चिकटवाल, त्या वस्तूच्या अंगातलं कंपन तेवढं घेते. त्याने एक चकती सरांच्या अंगणातल्या सागाच्या वाळलेल्या पानाला मेणाने चिकटवली आणि वायर माझ्या हातात दिली. मी थेट मिक्सरला लावली. आवाज पातळ आणि टोकदार आला, खालचं अंग गायब. हे होणारच होतं. या चकतीला जेवढा चढा इनपुट लागतो तेवढा साध्या मिक्सरला नसतो. मध्ये गिटारचा अॅम्प घेतला आणि पान बोलायला लागलं. बोटाच्या टोकाने नुसतं चोळलं तर खरखर, शिरेवर नख ओढलं तर एक लांब घासता स्वर, देठ वाकवला तर खोलीभर कडकड. ताडोब्याच्या वाटेवर सागाची पानं पायाखाली येतात तेव्हा तो आवाज एरवी कानावर येऊन जातो. इथे त्याची एकेक शीर वेगळी ऐकू येत होती. मास्तर खुर्चीवर बसून हे ऐकत होते. म्हणाले, "पुन्हा ओढ. जरा हळू." त्या मुलाने पुन्हा ओढलं. मास्तर म्हणाले, "हे काळी पाचच्या जरा खाली लागते." आणि ते खरं होतं.

मी मात्र एका गोष्टीने अस्वस्थ होतो. तालीम नव्हती. माझ्या वहीत दर कार्यक्रमाला क्रम लिहिलेला असतो. नांदी, पहिला प्रवेश, कोणाला कॉर्डलेस, कोणाच्या गाण्याला इको. ज्या कार्यक्रमाला क्रमच नाही, तिथे साउंडवाल्याने हात कुठे ठेवायचा?

वायरी जोडता जोडता आठवलं की क्रम नसलेले कार्यक्रम मी लहानपणापासून बघत आलो आहे. खडी गंमत घ्या. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, टाळवाला सगळे रात्रभर उभे. हातात संहिता नाही. समोरून सवाल आला की जवाब तिथल्या तिथे जुळवायचा, ढोलकीने त्याला तिथल्या तिथे उचलायचं. दंडार या लोकनाट्यातही सोंग काढणारा काय बोलेल ते साथीदाराला आधी कळत नाही. झाडीपट्टीच्या नाटकाला संहिता असते, पण नट पाठांतर विसरला, किंवा मागे कपडे बदलायला वेळ लागला की ऑर्गनवर बसलेला मास्तरच तो प्रवेश सांभाळून नेतो. एकदा खलनायक करणाऱ्या नटाची गाडी चिखलात रुतली होती. मास्तरांनी तेवढा वेळ दुःखाच्या प्रसंगाचे सूर असे लांबवत नेले की नट येईपर्यंत बायका पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. त्या सुरांचं कुठे नोटेशन नाही आणि ते पुन्हा कधी वाजले नाहीत. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्या सगळ्या वाजवणाऱ्यांना ती आपल्याला मिळाल्यासारखी वाटली. ते वाटणं योग्य होतं. ही रंगभूमी उभी आहे ती ऐनवेळी निभावून नेणाऱ्यांच्या जोरावर.

पुढे पुण्याच्या त्या मुलीने मला सांगितलं की इंग्लंडमध्ये डेरेक बेली नावाचे एक गिटारवादक होते, आयत्या वेळच्या संगीतावर त्यांनी 1980 मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकाची सुरुवातच भारतीय संगीतापासून होते. तिकडचे लोक ज्याला नवा प्रयोग म्हणतात त्याची चर्चा त्यांना आपल्या आलापापासून सुरू करावी लागली, हे ऐकून मला बरं वाटलं.

संध्याकाळ झाली. सतरंज्या भरल्या. कॉलेजची मुलं, माजरीच्या खाणीतले एक इलेक्ट्रिशियन आणि त्यांची बायको, आमच्या वॉर्डातल्या भजनी मंडळाच्या बाया, दोन डॉक्टर, सरांचे जुने विद्यार्थी. उकाडा भयंकर होता. मृग लागायला आला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. खिडकीत कूलर घरघरत होता.

पहिला तुकडा जमला नाही. चौघंही एकदम वाजवू लागले. काकांनी भजनाचा ठेका धरला, तो इतका पक्का की बाकीच्यांना त्याच्यामागे चालण्याखेरीज काम उरलं नाही. व्हायोलिन वर चढत गेलं, पान कडकडत राहिलं, मास्तर दोन वेळा आत शिरायला बघून गप्प बसले. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्या पाहुण्यांना पडतात तशा. मागच्या बाजूला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "याले संगीत म्हणतेत का जी?" आवाज बारीक ठेवला होता, तरी लहान खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

व्हायोलिनवाली मुलगी रागावली नाही. तिने सरांना विचारलं, कूलर बंद करता येईल का? सरांनी बंद केला. त्या घरघरीखाली केवढं काय काय झाकलेलं होतं ते तेव्हा उघड झालं. रस्त्यावर कोणीतरी सायकल ओढत होतं, तिची चेन सैल होती. कवेलू दिवसभर तापलेले, आता निवताना एखादा टक् करून वाजत होता. बाईच्या हातातल्या बांगड्या. दूर स्टेशनाकडे मालगाडीचा भोंगा. त्यात दोन सूर होते, आणि ते दोन्ही मास्तरांनी लगेच समोरच्या पेटीवर दाबले. एवढे हलके की आधी ते पेटीतून येत आहेत हेच कळलं नाही. गाडी गेली, भोंगा थांबला आणि मास्तरांच्या बोटांखाली ते दोन सूर राहिले. मग व्हायोलिनने त्यातला खालचा घेतला.

तिथून संध्याकाळ सुरू झाली असं मी मानतो.

असं नुसतं ऐकण्यावरच बेतलेली जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची एक रचना आहे. त्यात वादक वाद्यासमोर बसतो आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद काही वाजवत नाही. ती पहिल्यांदा 1952 च्या ऑगस्टात न्यू यॉर्क राज्यातल्या वूडस्टॉकजवळ सादर झाली. पियानोवर डेव्हिड ट्यूडर होते आणि सभागृह मागच्या बाजूने जंगलाकडे उघडं होतं. लोकांना झाडांतला वारा ऐकू आला, मग छपरावर पाऊस, मग स्वतःची कुजबुज. पुष्कळजण चिडले. हेच केज 1946 मध्ये न्यू यॉर्कला आलेल्या अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून भारतीय संगीत शिकले आणि बदल्यात त्यांनी साराभाईंना पाश्चात्त्य संगीत शिकवलं. पुढे 1969 मध्ये ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. हे सगळं मी नंतर वाचलं आणि वाचल्यावर त्या गृहस्थांचा प्रश्न मला अधिक रास्त वाटू लागला. याला संगीत म्हणतात का, हे विचारायला माणूस कान देऊन बसलेला असावा लागतो. ते गृहस्थ शेवटपर्यंत बसले होते.

शिट्टीचा तुकडा त्यानंतर आला. मुलाने एक जुना माइक हातात घेतला आणि जमिनीवर ठेवलेल्या लहान स्पीकरसमोर उकिडवा बसला. मला खूण केली. मी फेडर हळूहळू वर सरकवू लागलो. आयुष्यभर ज्या जागी हात आपोआप मागे आला, त्या जागेच्या पुढे मी हात नेत होतो. आधी काहीच नाही. मग खोलीत कुठूनतरी एक बारीक सूर जागा झाला. कुठून ते सांगता येत नव्हतं, कारण तो माइकमधला नव्हता, स्पीकरमधलाही नव्हता, दोघांच्या मधल्या हवेतला होता. मुलाने माइक चार बोटं मागे घेतला आणि सूर खाली उतरला. तळहाताने माइकची जाळी झाकली आणि तो फिरून दुसऱ्याच ठिकाणी गेला. तो पुढे झुकला, त्याच्या छातीने वाट अडवली, तर सूर जाडा झाला. सूर फुटायच्या बेतात आला की मी फेडर केसभर खाली घ्यायचो आणि मरायला लागला की केसभर वर. अमेरिकेत स्टीव्ह राइश यांनी 1968 मध्ये स्पीकरवर माइक टांगून झोके द्यायचे आणि होणाऱ्या शिट्ट्यांचंच संगीत करायचं, असं केलेलं आहे. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की मी त्या क्षणी साउंडवाला नव्हतो, वाजवणाऱ्यांत होतो. माझं बोट थांबलं तर तुकडा थांबला असता.

अडचण एकच होती. शिट्टी पेटीच्या पट्ट्यांना जुमानत नाही. ती लागली होती दोन पट्ट्यांच्या मध्ये. पेटीवाला अशा वेळी गप्प बसतो, कारण त्याच्याकडे तो सूरच नसतो. मास्तरांनी मान तिरकी केली, भाता अगदी सावकाश चालवला आणि वरची पट्टी अर्धीच दाबली. पट्टी अर्धी दाबली की झडप पूर्ण उघडत नाही, वारा कोंडतो आणि सूर जरासा खाली येतो. पेट्या जुळवणाऱ्यांना हे माहीत असतं, पण वाजवताना ही खोड समजून टाळतात. मास्तरांनी तीच खोड पकडून पेटीचा सूर शिट्टीच्या जवळ, अगदी जवळ आणला. दोन सूर इतके जवळ आले की त्यांच्यात डोल सुरू झाला. वाँव, वाँव, वाँव. डोल सावकाश व्हायला लागला म्हणजे सूर जवळ येत आहेत. तो थांबला की ते एक झाले. मास्तरांनी तो थांबवला नाही. डोल सावकाश करत आणला, सेकंदाला एक असा, आणि तिथेच धरून ठेवला. मग काकांनी खंजिरीच्या पानावर फक्त तर्जनी ठेवली आणि डोलाच्या प्रत्येक फुगवट्याला एकेक थाप. पहिल्या तुकड्यात ज्या माणसाने सगळ्यांना आपल्या ठेक्यामागे ओढलं होतं, तो आता हवेतल्या ठेक्याच्या मागे चालला होता.

काकांची खंजिरी आता फायबरच्या पानाची आहे. पूर्वी घोरपडीच्या कातड्याची असायची. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि ते बरंच झालं, घोरपडी वाचल्या. पण कातडं ओल्या बोटाने उतरायचं, शेकलं की चढायचं, दाबलं की घुमत खाली यायचं. फायबर तसं वाकत नाही. काकांनी त्यावरही तोड काढली आहे. डाव्या हाताचा अंगठा आतून पानाला लावून ते सूर दाबतात. त्या संध्याकाळी व्हायोलिनसोबत त्यांनी जो शेवटचा तुकडा वाजवला, त्यात ताल जवळजवळ नव्हताच. अंगठ्याने दाबलेला घुमारा आणि व्हायोलिनची खालची तार, एवढ्या दोघांचं बोलणं. भजनी मंडळातल्या एक आजी तोंडावर हात ठेवून पुढे झुकून ऐकत होत्या. संपल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "भाऊ, तुमची खंजिरी इतक्या वर्षांत आज ऐकली. एरवी नुसती वाजताना पाहतो."

त्यांचं बोलणं माझ्या वर्मी बसलं, कारण ते माझ्या कामाबद्दल होतं. आमच्याकडे भजन होतं तेव्हा खंजिरीला एक माइक, पेटीला एक, तबल्याला दोन, गाणाऱ्यांना चार. समोर मोठे बॉक्स, बाजूला मॉनिटर. प्रत्येकाला स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये मोठा हवा असतो आणि तो मिळाला की शेजाऱ्याचा ऐकू येत नाही. ज्याचं ऐकू येत नाही, त्याला उत्तर कसं देणार? मग प्रत्येकजण आपल्याला पाठ असलेलं वाजवतो, कारण तेवढंच सुरक्षित असतं. झाडीपट्टीतही मी हे बघतो. मैदान मोठं झालं, वॅट वाढले, ऑक्टोपॅड आला, आणि नट विसरला तर प्रवेश सांभाळून नेणाऱ्या मास्तराची जागा कमी होत चालली. मिरवणुकीतल्या डीजेबद्दल बोलायलाच नको. तिथे छातीत धक्के बसतात आणि कान नंतर रात्रभर वाजत राहतात. लोक म्हणतात, नव्या पिढीला जुनं संगीत आवडत नाही. मला ते पटत नाही. त्या संध्याकाळी कॉलेजची मुलं सागाचं पान ऐकायला श्वास धरून बसली होती. ऐकता येईल एवढी लहान जागा त्यांना कोणी दिली नव्हती. आयत्या वेळी सुचलेलं वाजवणारी माणसं या जिल्ह्यांत गावोगाव आहेत. त्यांना एकमेकांचं ऐकू येईल अशी व्यवस्था करणं हे माझ्यासारख्यांच्या हातात आहे.

तेव्हापासून भजनी मंडळं येतात तेव्हा मी त्यांना आधी विचारतो, गोल बसाल का? अर्धगोल करून सगळ्यांच्या मध्ये एकच माइक, जरा उंचावर. वडील असंच करायचे, त्यांच्याकडे दुसरा माइक नव्हता म्हणून. एका माइकवर ज्याचा आवाज जास्त होतो त्याला स्वतःच मागे सरकावं लागतं. फेडर माझ्या हातात राहत नाही, त्यांच्या त्यांच्यात राहतो. काही मंडळं कुरकुर करतात. ज्यांचा मुख्य गायक मोठ्या नावाचा आहे ती तर ऐकतच नाहीत, आणि त्यांना मी जबरदस्ती करत नाही. पण दोन मंडळांनी आता तसंच बसायचं ठरवलं आहे. त्यांच्यात खंजिरी पेटीला उत्तर द्यायला लागली आहे, हे मी मिक्सरवर बसून ऐकतो.

सरांना पोळ्यानंतर पुन्हा एक संध्याकाळ करायची आहे. या वेळी जिवतीकडच्या डोंगरातून एका परधान म्हाताऱ्यांना बोलवायचा विचार आहे. परधान हे गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या कथा गाणारे. त्यांची किंगरी तीन तारांची, गजाने वाजवायची. कथेला रात्र पुरत नाही आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघून ती लांबते किंवा आखडते. सर आणि मी त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी ओसरीवर बसून थोडं वाजवून दाखवलं. किंगरीचा आवाज लहान आहे. पुढच्या दोन रांगांच्या पलीकडे कूलरसमोर टिकणार नाही. सर म्हणाले, माइक लावावा लागेल. म्हातारबा म्हणाले, "मशीन नोको बापा. लोकायले जवळ बसव."

आता आमचा वाद त्यावर चालू आहे. सरांचं म्हणणं, या वेळी माणसं जास्त येतील, सगळी जवळ कशी बसणार? माझं म्हणणं, चित्रांच्या खालची खुर्च्यांची रांग काढून टाकावी, म्हातारबांना मधोमध फरशीवर बसवावं, लोकांनी चारही बाजूंनी बसावं. खोली वीस फूट लांब आहे. म्हातारबा मधोमध बसले तर शेवटचा माणूसही दहा फुटांवर येतो. कूलर अंगणात हलवायचा आणि दारं उघडी ठेवायची. आणि मी मशीन न नेता जायचं. पैसे घेणार नाही म्हटलं तर सर ऐकत नाहीत. ते म्हणतात, साउंडची जबाबदारी तुझीच, मशीन असो की नसो.